छपराचा पूल आणि न सापडलेली कॅश

आधीच सांगते, कॅश म्हणजे पैसे नव्हेत. ह्या एका शब्दाने आमच्या घरात जो काय गोंधळ घातला तो विचारू नका. गेल्या वर्षी आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला, आणि तेव्हा आमच्या चिऊला (वय ११) जिओकॅशिंगचा नाद लागलेला. म्हणजे कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवून ठेवतं, तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं, आणि मग आपण फोन घेऊन ती शोधत हिंडायचं, सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी परत ठेवून द्यायची. बस, एवढंच. त्या डबीला कॅश म्हणतात. तर आई फोनवर मावशीला सांगत होती, "अगं ही लोकं दर शनिवारी कॅश शोधायला जातात, परवा बागेतल्या बाकाखाली सापडली." मावशी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "जावयांची नोकरी आहे ना गं?"

बाबांना मात्र हे प्रकरण पटलं. बाबा बी अँड सी मधून (म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यातून) रिटायर झालेत, सगळं आयुष्य रस्ते आणि पूल, त्यामुळे नकाशा आणि मोजमाप आलं की गडी खूश. चिऊने त्यांना सगळा इतिहास सांगितला की २००० सालापर्यंत अमेरिकन सरकार साध्या लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे शंभर-शंभर मीटरचा फरक पडायचा, २ मे २००० ला ते बंद केलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने जंगलात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले, की बघा कुणाला सापडते का. त्या बादलीत काय काय होतं त्यात बीन्सचा एक डबा पण होता. आईला तेवढंच लक्षात राहिलं. "म्हणजे खायचं ठेवतात," असं तिने मनाशी नोंदवून ठेवलं, ते पुढे येतंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पानांचे रंग बघायला कुठेतरी जायचंच होतं. चिऊला न्यू हॅम्पशायर पाहिजे होतं, कारण प्रत्येक राज्यात पहिली कॅश सापडली की ॲपवर त्या राज्याचं एक सुविनियर, म्हणजे बिल्ल्यासारखं चित्र, मिळतं आणि तिच्याकडे ते नव्हतं. बाबांना पूल पाहिजे होता. आईला थंडी नको होती. नवऱ्याला ड्रायव्हिंग नको होतं. मग ठरलं कॉर्निश-विंडसर, म्हणजे कनेक्टिकट नदीवरचा तो लांबलचक लाकडी कव्हर्ड ब्रिज (छपराचा पूल), एका बाजूला व्हरमाँटमधलं विंडसर, दुसऱ्या बाजूला न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश. आई आणि नवरा मतदानात हरले.

दिवस पहिला, शुक्रवार

सकाळी सहाला निघायचं होतं, पावणेआठला निघालो. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सांगलीहून आणलेल्या भडंगचं शेवटचं पाकीट घेतलं होतं, ते पाकीट उघडायचं नाही असं सगळ्यांना बजावून. हार्टफर्ड, स्प्रिंगफील्ड करत आय-९१ ने वर वर जायचं, रस्ता कंटाळवाणा आहे, मॅसॅच्युसेट्स संपेपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

व्हरमाँटमध्ये शिरल्यावर पहिलं मोठं गाव ब्रॅटलबरो. तिथे क्रीमरी ब्रिज आहे, १८७९ चा, व्हेटस्टोन ब्रूक नावाच्या ओढ्यावर, छोटासा. आता गाड्यांना बंद आहे, फक्त चालत जायचं. बाबांचा हा पहिलाच छपराचा पूल. मला वाटलं फोटो काढू, पाय मोकळे करू, निघू. बाबा आत गेले ते बाहेरच येईनात. आत दोन्ही बाजूंना फळ्यांची तिरकी जाळी असते, आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या माडीला लाकडी जाळ्या असायच्या तशी, फक्त प्रत्येक फळी चांगली वीतभर रुंद आणि जिथे दोन फळ्या एकमेकींना छेदतात तिथे खिळा नाही, लाकडी खुंटी. बाबा त्या खुंट्यांवर बोट ठेवत ठेवत चालले होते. "ह्याला टाउन लॅटिस म्हणतात," चिऊ ॲपमधून वाचत म्हणाली, तर बाबांना वाटलं टाउन म्हणजे गाव. नाही, इथिएल टाउन नावाचा आर्किटेक्ट, त्याने १८२० मध्ये ह्या जाळीचं पेटंट घेतलं होतं. साध्या सुताराला साध्या फळ्या वापरून बांधता येईल असा पूल, मोठाले ओंडके नकोत की लोहार नको. आणि रॉयल्टी किती, तर पुलाच्या दर फुटाला एक डॉलर, आणि न विचारता बांधून टाकला असेल तर दोन डॉलर. बाबा जाम हसले. "फुटावर बिल! हा माणूस आमच्या खात्यात पाहिजे होता."

छप्पर कशासाठी हा प्रश्न सगळेच विचारतात, आईनेही विचारला, माणसांना पाऊस लागू नये म्हणून का? तर नाही. लाकूड भिजलं, वाळलं, परत भिजलं की सांध्यात पाणी मुरतं आणि कुजतं, उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कामातून जातो, तोच झाकला की शंभर-दीडशे वर्षं टिकतो. पूल टिकावा म्हणून पुलाला घर बांधलं, एवढी साधी गोष्ट. पण गंमत अशी की थंडीत बर्फावरून घसरगाड्या चालायच्या आणि पुलाच्या आत तर बर्फ नाही, मग माणसं लावून बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरायचे. आई म्हणाली, "म्हणजे आधी छप्पर घालायचं आणि मग आत बर्फ टाकायचा. सरकारी काम सगळीकडे सारखंच."

इथली कॅश पाच मिनिटांत सापडली, नखाएवढी नॅनो, लोहचुंबकाची. कुठे ते सांगत नाही, खेळात स्पॉयलर देत नाहीत. व्हरमाँटचं सुविनियर चिऊला लगेच मिळालं.

संध्याकाळी मोटेलवर. नाव सांगत नाही, पण हीटर रात्री दोन वाजता बंद पडला आणि आईने मला उठवून "तरी मी म्हणत होते" हे वाक्य पूर्ण न म्हणता नुसतं बघितलं.

दिवस दुसरा, शनिवार

ह्याच दिवसासाठी आलो होतो म्हणून सविस्तर.

विंडसर गावातून उतारावरून खाली गेलं की एकदम समोर पूल. फोटोत बघून अंदाज येत नाही. एखाद्या लांब गोदामाचं दार असावं तसं तोंड, आणि आत काळोख. तोंडावर वरती जुनी पाटी आहे, इंग्रजीत, अर्थ असा की घोडी सावकाश चालवत न्या नाहीतर दोन डॉलर दंड. बाबा म्हणाले बरोबर आहे, घोडी दुडक्या चालीने गेली की एकाच ठेक्यात हादरे बसतात, म्हणून तर सैनिकांनासुद्धा पुलावर कदमताल मोडायला लावतात. आमची गाडी आत शिरली आणि खालच्या फळ्यांचा जो आवाज सुरू झाला, धडधड धडधड, आई म्हणाली, "हळू चालवा हो, दोन डॉलर लागतील."

आता राज्यांची भानगड ऐका. पूल दोन राज्यांना जोडतो पण नदी सगळी न्यू हॅम्पशायरची. दोन्ही राज्यं भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि १९३४ मध्ये कोर्टाने सांगितलं की हद्द व्हरमाँटच्या काठाशी, पाणी कमी असताना जिथपर्यंत उतरतं तिथे. म्हणजे पूल जवळजवळ अख्खा न्यू हॅम्पशायरचा, डागडुजीचा खर्च पण त्यांचाच. चिऊ फोन हातात धरून बघत होती, "आता न्यू हॅम्पशायर... आता पण न्यू हॅम्पशायर..." आणि बाबा म्हणाले, "पाणी मिळालं आणि देखभाल पण मिळाली. कृष्णेच्या लवादात असं कुणी हौसेने मागितलं नसतं."

पलीकडे न्यू हॅम्पशायरच्या बाजूला गाडी लावली. मागे वळून बघितलं तर नदी, तिच्यावर तो लांब तपकिरी पूल, आणि त्याच्यामागे ॲस्कटनी डोंगर, अर्धा लाल अर्धा पिवळा. फोटो काढायला आधीच गर्दी होती.

तिथे माहितीचा फलक आहे. बाबांनी तो दोनदा वाचला. पूल १८६६ मध्ये बांधला, खर्च ९,००० डॉलर, बांधणारे क्लेरमाँटचे बेला फ्लेचर आणि कॉर्निशचे जेम्स टास्कर. लांबी फलकावर ४६० फूट लिहिली आहे आणि चिऊच्या फोनवर ४४९ फूट येत होती, तर मी म्हटलं एक काहीतरी चूक असणार. बाबा म्हणाले चूक कुणाचीच नाही, कुठून कुठपर्यंत टेप धरला त्यावर असतं, छपरापासून की दगडी बांधकामापासून, आमच्याकडे तर एकाच पुलाच्या तीन लांब्या असायच्या, एक अंदाजपत्रकात, एक बिलात आणि एक खरी. दोनच गाळे, मध्ये एकच खांब, प्रत्येक गाळा दोनशे फुटांच्या वर. दोन गाळ्यांचा कव्हर्ड ब्रिज म्हणून जगात सगळ्यात लांब. पूर्वी अमेरिकेतला सगळ्यात लांब कव्हर्ड ब्रिज पण हाच होता, पण २००८ मध्ये ओहायोत ह्याहून लांब नवीन बांधला.

आणि हा त्या जागेवरचा चौथा पूल. पहिला १७९६ चा, दुसरा १८२४, तिसरा १८२८, तिन्ही पुराने नेले. "१८२४ चा चार वर्षांत गेला?" बाबा थांबले. "कंत्राटदार कोण होता?" हा प्रश्न त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारला की शेजारी उभा असलेला एक अमेरिकन माणूस पण वळून बघायला लागला.

बरं, कॅश. लिस्टिंगप्रमाणे, म्हणजे ॲपवरच्या माहितीप्रमाणे, जागा पुलाजवळच, पुलावर नाही. बाबांना तेवढं पाहिजेच होतं, त्यांनी सकाळीच विचारून घेतलं होतं की ऐतिहासिक बांधकामाला कुणी काही ठोकत बिकत नाही ना. मी सांगितलं नियमच आहे, खड्डा खणायचा नाही, खिळा-स्क्रू मारायचा नाही, जागेची परवानगी घ्यायची, आणि तुम्ही टाकलेली कॅश रिव्ह्यूअर तपासून मगच ॲपवर लावतात. त्यांना रिव्ह्यूअर हा प्रकार फार आवडला.

साधी मायक्रो म्हणजे छोटी डबी, अवघडपणा पाचपैकी दोन, हिंट एकच शब्द, "मॅग्नेटिक". आम्ही पाच जण कामाला लागलो. फोन म्हणतो चार मीटर, दोन पावलं टाकली की म्हणतो नऊ मीटर, झाडाखाली आणि पाण्याजवळ हा खेळ फार होतो. मी दगडांत बघतेय, चिऊ गार्डरेलच्या मागे हात घालून चाचपतेय, नवरा खांबाला टेकून कॉफी पितोय. बाबांनी मात्र डोकं लावलं. "लाकडाच्या पुलापाशी मॅग्नेट म्हणजे शोधायचं काय, तर लोखंड. इथे लोखंड किती आणि कुठे आहे ते आधी मोजा." आणि त्यांनी खरंच सुरुवात केली. गार्डरेल, त्याचे बोल्ट, पाट्यांचे खांब, फलकाचा खांब. खिशातून डायरी काढून यादी. एकेक तपासून पुढे बरोबरची खूण.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. आईने खुर्ची उघडून नदीकडे तोंड करून दशमी खायला घेतली.

खेळ न खेळणाऱ्या लोकांना ह्यात मगल म्हणतात आणि नियम असा की त्यांच्यादेखत शोधायचं नाही, उगाच जागा फुटते. पण ऑक्टोबरातला शनिवार, मिनिटाला चार मगल, आम्ही काय करणार, पाच तपकिरी माणसं, त्यातलं एक माकडटोपी घालून पुलाजवळच्या रेलिंगखाली हात घालतंय. खरं सांगायचं तर मला मनातून जरा धास्ती असतेच. पुलाखाली संशयास्पद डबा म्हणून पोलिसांना फोन गेलेत आणि बॉम्बवाले आलेत असे किस्से ह्या खेळात आहेत, म्हणून तर डबीवर बाहेरून नाव लिहा, पारदर्शक डबी वापरा असं सांगतात. एक पिकअप ट्रक हळू होत होत आमच्यापाशी थांबला, काच खाली आली. माझ्या पोटात गोळा. आतल्या आजोबांनी विचारलं, काही हरवलंय का? मी फोन दाखवायला पुढे गेले, तर बाबांनी माझ्या आधी त्यांच्या खास इंग्रजीत विचारलं, "नो नो. सर, धिस बॉटम बीम, ओरिजिनल ऑर रिप्लेस्ड?"

आणि आजोबांनी गाडी बाजूला घेतली की हो! खाली उतरले, बाबांना घेऊन पुलाच्या तोंडाशी गेले, आणि पुढची वीस मिनिटं दोघं जण वर-खाली बोट दाखवत बोलत होते. बाबांना निम्मं समजलं असेल, त्यांना बाबांचं त्याहून कमी. पण परत आल्यावर बाबा जाम खूश. १९८८-८९ मध्ये पूल बंद ठेवून मोठी दुरुस्ती झाली, तोवर मध्ये चांगलाच झोळ पडला होता, तेव्हा खालच्या लांब तुळया फळ्या चिकटवून बनवलेल्या लाकडाच्या घातल्या, त्याला ग्लुलॅम म्हणतात, आणि त्या दुरुस्तीला चव्वेचाळीस लाख डॉलरच्या वर गेले. नऊ हजाराचा पूल आणि चव्वेचाळीस लाखांची दुरुस्ती. "पण पाडला नाही," बाबा म्हणाले, "पाडून नवा करणं सोपं होतं, कुठलंही खातं तेच करतं." शिवाय ही नेहमीची फळ्यांची जाळी नाही, इथे जाडजूड वासे एकमेकांत खाचा पाडून बसवलेत. मग ते मला हात धरून ते बघायला घेऊन गेले. मी इतका वेळ तिथे होते, दोन वेळा गाडीने आरपार गेले होते, आणि ती खाच मी बघितलीच नव्हती. हात लावला तर लाकूड कोमट, बाहेर एवढी थंडी आणि आतून कोमट. फटींमधून उजेडाच्या पट्ट्या पडलेल्या, आणि एखादी गाडी आत आली की आधी पायाखाली कळायचं, मग कानाला.

पूर्वी ह्या पुलाला टोल होता. खाजगी कंपनीचा पूल, मग १९३६ मध्ये न्यू हॅम्पशायर सरकारने विकत घेतला आणि १९४३ मध्ये टोल बंद केला. टोल बंद होतो हे वाक्य नवऱ्याने दोनदा वाचून घेतलं.

कॅश? नाही सापडली. दीड तास. शेवटी मी शहाणपणाने जुने लॉग, म्हणजे आधी शोधून गेलेल्यांच्या नोंदी, उघडले, जे सगळ्यात आधी करायचं असतं. शेवटची नोंद ऑगस्टमधली, सापडली. त्यानंतर दोन, दोन्ही डीएनएफ, म्हणजे शोधली पण सापडली नाही. चिऊ भडकली. रडवेली झाली, कारण अजून न्यू हॅम्पशायर नाही. मी तिसरा डीएनएफ टाकला. खूप लोक डीएनएफ टाकतच नाहीत, कमीपणा वाटतो, पण टाकला तरच मालकाला कळतं की डबी बघायला जायला पाहिजे.

मग चिऊची समजूत काढायला कॉर्निशमध्येच आत मिल ब्रूकवर दोन छोटे पूल आहेत तिकडे गेलो. दोन्ही त्याच टास्करचे. डिंगल्टन हिल ब्रिज १८८२ चा, त्याच्यावरून नुसतेच गेलो. ब्लॅकस्मिथ शॉप ब्रिज १८८१ चा, तेव्हा ८७३ डॉलर लागले होते, आता फक्त पायी. इथे कुणी म्हणजे कुणी नाही. ओढ्याचा आवाज आणि पानं पडतायत. ह्याची रचना जाळीची नाही, उभे खांब आणि त्यांना टेकू दिलेले तिरके वासे, आई बघून म्हणाली ही तर आपल्या घराच्या छपराची कैची आहे, आणि बाबा म्हणाले अगदी बरोबर, तीच आहे, नुसती एकापुढे एक लावलीय. आई त्यानंतर अर्धा तास फार ऐटीत होती.

कॅश पुलापासून थोडी लांब, जुन्या दगडी बांधाच्या बाजूला. इकडे जंगलात मध्येच असे बांध लागतात, कधीकाळी शेतं होती तिथली. फोनने एका जागी आणून सोडलं आणि बाबांनी तीस सेकंद बघून काठीने एक दगड दाखवला. "हा निसर्गाने ठेवलेला नाही. हा कुणीतरी बसवलाय." दगड काढला, मागे चार कड्यांच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. चिऊची किंकाळी न्यू जर्सीत ऐकू गेली असेल.

आत वही, पेन्सिल, प्लॅस्टिकचा डायनोसॉर, दोन गोट्या, एक किल्ली. काही घेतलं तर तेवढ्याच तोलाचं काहीतरी ठेवायचं असा रिवाज. चिऊने डायनोसॉर घेतला आणि काचेची हिरवी बांगडी ठेवली. आणि आई पर्समधून भडंगचं पाकीट काढून पुढे आली! तेच, उघडायचं नाही म्हणून बजावलेलं. हे डब्यात ठेवायला जपलं होतं तिने. मी सांगितलं खायचं ठेवत नाहीत गं, वास लागून प्राणी डबा फोडतात. "मग त्या पहिल्याने बीन्स कसे ठेवले?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बांधावर बसून आम्हीच ते पाकीट संपवलं.

वहीत नाव लिहायची पाळी आली तेव्हा बाबांनी चष्मा लावला, तारीख घातली आणि देवनागरीत लिहिलं, "समक्ष पाहणी केली. पूल सुस्थितीत आहे." खाली पूर्ण सही, हुद्द्यासकट, "निवृत्त" कंसात.

रात्री मोटेलवर आईच्या मोज्यावर गोचीड सापडली. न्यू इंग्लंडमध्ये जाणार असाल तर हे नीट लक्षात ठेवा, ऑक्टोबरमध्ये पण असतात, लाइम रोग ह्यांच्यामुळेच होतो, विजार मोज्यात खोचायची आणि आल्यावर प्रत्येकाने अंग तपासायचं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. आईची नुसती मोज्यावरच फिरत होती, पण तिने रात्रभर सगळ्यांना तपासलं.

दिवस तिसरा, रविवार

सकाळी विंडसरमध्ये जुनं कॉन्स्टिट्यूशन हाउस बाहेरून बघितलं, १७७७ च्या जुलैमध्ये व्हरमाँटची घटना तिथे मंजूर झाली, मोठ्या माणसांना गुलाम ठेवायला बंदी घालणारी अमेरिकेतली ती पहिली घटना. नवऱ्याला यंत्रांचं म्युझियम बघायचं होतं, वेळ नव्हता, त्याचा विषय अजून निघतो. सायडर डोनट घेतले, क्रीमी म्हणजे इकडचं सॉफ्ट आइस्क्रीम, ते मेपलचं घेऊन थंडीत कुडकुडत खाल्लं, आणि खाली निघालो.

जाता जाता हायवे सोडून बार्टन्सव्हिलला वळलो. हा पूल माझ्या यादीत होता फक्त कॅशसाठी. विल्यम्स नदीवर, मूळचा १८७० चा, १५१ फूट. १८६९ च्या पुरात नदीने पात्र बदललं म्हणून नव्या पात्रावर बांधलेला. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात तो वाहून गेला, आणि कुणीतरी काठावरून काढलेला त्याचा व्हिडिओ आहे. मी बाबांना गाडीतच फोनवर दाखवला. गढूळ पाणी, पूल आधी थोडा कलतो, आणि मग अख्खाच्या अख्खा, छपरासकट, घर उचलून न्यावं तसा जातो. मागे बाईचा आवाज येतो. बाबांनी परत लावायला सांगितला. मग परत.

सांगलीतल्या माणसाला पुराचं पाणी बघताना कसं वाटतं ते सांगलीतल्याच माणसाला कळतं. आमच्याकडे पावसाळ्यात कुणी कसे आहात विचारत नाही, आयर्विनला किती विचारतात. कृष्णेवरचा आयर्विन पूल, १९२९ चा, त्याच्यावरची पातळी, चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सत्तावनच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागात. बाबांनी तेव्हा वरच्या मजल्यावर नेता येतील म्हणून आधी काय उचललं असेल तर जुन्या नोकरीतल्या मोजमापाच्या वह्या. आई अजून ऐकवते, मिक्सर खाली राहिला आणि वह्या वर.

नवीन पूल तिथेच आहे, परत लाकडाचा, परत तीच टाउनची जाळी, जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला. लाकूड अजून फिकट, कोऱ्या पाटासारखं. बाबा गाडीतून उतरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले, मग परत मोजत आले. आम्ही कुणी काही बोललो नाही. नवा १६८ फुटांचा आहे. "सतरा फूट लांब केलाय," ते म्हणाले, "नदीला जागा दिली." मग खाली उतरून दगडी बांधकाम बघून आले, बूट चिखलाने भरवून. मी विचारलं सिमेंटचा बांधला असता तर? त्यांनी खांदे उडवले. "सिमेंटचे पण जातात. महाडचा सावित्रीवरचा दगडी होता, गेलाच ना." तो २०१६ मधला, रात्रीचा, बस गेल्या त्यात. त्यावर काय बोलणार.

आई तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी हात जोडून उभी होती. नदीला नमस्कार करत होती. कुठलीही नदी दिसली की करते, हडसनला पण केला होता.

मग निघालो, गाडीत सगळे झोपले. स्प्रिंगफील्ड ओलांडल्यावर मागून चिऊ एकदम ओरडली, "आई! बार्टन्सव्हिलची कॅश!" आम्ही शोधलीच नव्हती. फोनसुद्धा बाहेर काढला नव्हता. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मी पटकन सांगितलं, नाही, परत फिरायचं नाहीये.

ह्या सगळ्याला आता नऊ महिने होतील, लिहायला मला उशीर झाला. आम्ही आल्यानंतर आठवड्याने कॉर्निशच्या कॅशच्या मालकाने नोंद टाकली, जाऊन बघितलं, डबी गायब आहे, लिस्टिंग तात्पुरतं बंद, उन्हाळ्यात नवीन लावतो. म्हणजे आम्ही दीड तास जी शोधत होतो ती तिथे नव्हतीच. चिऊ वैतागली. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी म्हणत होतो ना, लोखंड सगळं तपासलं होतं," आणि डायरीतली यादी काढून दाखवली, सगळ्यांपुढे बरोबरची खूण.

आई-बाबा फेब्रुवारीत परत गेले. जायच्या आधी बाबांना मी अमेरिकन सरकारची ती साइट दाखवली जिच्यावर नद्यांची पातळी दिसते. कॉर्निशच्या पुलापासून नदीच्या प्रवाहाने बरंच खाली नॉर्थ वॉलपोल म्हणून गाव आहे, तिथे कनेक्टिकट नदीचं मोजमाप होतं. त्यांनी ते पान फोनच्या स्क्रीनवर लावून घेतलंय. काल सकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, "आयर्विन २१ फूट, वाढतंय. वॉलपोल बघितलं, शांत आहे. डबा लावला का त्याने?"